हात आवरा, आर्द्रता मोजा

विद्यार्थी मित्रहो, ‘कात टाकणे’ हा वाक्प्रचार तुम्ही निबंधात अनेकदा वापरला असेल. गावाने कात टाकली, शाळेने कात टाकली, असे आपण सहज लिहून जातो. जुने, मळलेले फेकून दिले आणि नवे धारण केले, असा त्याचा अर्थ. पण ज्या प्राण्यावरून हा वाक्प्रचार आला त्याच्या अंगात प्रत्यक्ष काय घडते, आणि त्याच्या आयुष्यातली अगदी पहिली कात कशी पडते, याचा विचार आपण सहसा करीत नाही. आज तो करू.

मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. सापांविषयी बोलण्याचा अधिकार प्राणिशास्त्राच्या अध्यापकांचा, असे तुम्ही म्हणाल. परंतु अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या सापाच्या पिलाला पहिल्या कातीपर्यंत कसे सांभाळावे, हा प्रश्न मला निम्मा तरी पदार्थविज्ञानाचा वाटतो. त्यात बाष्प आहे, तपमान आहे, पृष्ठभाग आणि घनफळ यांचे गुणोत्तर आहे, विद्युत्‌रोधासारखाच एक रोधही आहे. ही सारी मंडळी नववी-दहावीच्या पुस्तकांत तुम्हाला भेटतात. माझे मत आधीच सांगून टाकतो. या दहा-पंधरा दिवसांत पिलाला मायेच्या हातांची जरुरी नसते. जरुरी असते ती नीट मोजलेल्या हवेची. आणि ज्याला हवा मोजण्याचा कंटाळा आहे, त्याने असा प्राणी सांभाळायला घेऊ नये.

उदाहरणासाठी कॉर्न स्नेक हा साप घेऊ. अमेरिकेच्या आग्नेय भागात रानात, शेतांत, धान्याच्या कोठारांजवळ आढळणारा हा बिनविषारी साप. त्याच्या पोटावरची चौकडी पाहिली की रंगीबेरंगी दाण्यांच्या मक्याच्या कणसाची आठवण होते. उंदीर हे त्याचे मुख्य खाद्य. अमेरिकेत आणि युरोपात गेली कित्येक दशके हा साप घरी पाळला जातो, पाळलेल्या सापांपासून त्याची पैदासही होते. त्यामुळे त्याच्या पिलांच्या संगोपनाची माहिती भरपूर जमली आहे. मादीने घातलेली अंडी २७-२८ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवली तर सुमारे दोन महिन्यांनी फुटतात. तोंडाच्या टोकाशी असलेल्या एका इवल्याशा दाताने पिलू अंड्याचे चामड्यासारखे कवच चिरते, डोके बाहेर काढते, आणि पुष्कळदा तसेच तासन्‌तास, कधी दिवसभर, बसून राहते. उरलेला बलक ते या वेळात पोटात घेत असते. बाहेर येते तेव्हा त्याची लांबी असते २० ते ३० सेंमी. त्यानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांत ते पहिली कात टाकते, आणि मगच त्याला पहिला घास द्यायचा, अशी जाणत्या पाळणाऱ्यांची रीत आहे. तोवर पोटातला बलक त्याला पुरतो. ‘बिचारे उपाशी आहे’ म्हणून आधी खाऊ घालण्याची घाई करण्यात काहीच शहाणपण नाही.

आता कातीकडे वळू. कात म्हणजे सापाच्या त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत थर. पण तो आधी गळतो आणि मग खाली नवा येतो, असे होत नाही. आधी जुन्या थराखाली नवा थर संपूर्ण तयार होतो. मग दोहोंच्या मध्ये द्रव पाझरतो, आणि जुना थर नव्यापासून सुटा होऊ लागतो. या दिवसांत सापाचा रंग फिका, मळकट दिसतो आणि डोळे दुधाळ निळसर होतात. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर चष्म्याच्या काचेसारखा एक पारदर्शक खवला असतो आणि तोही कातीबरोबर बदलतो. जुनी काच नव्या काचेपासून सुटत असताना मधल्या भागात प्रकाश सरळ जाण्याऐवजी विखुरतो, म्हणून डोळा धुरकट दिसतो. घासलेल्या काचेतून पलीकडचे दिसत नाही, तसाच हा प्रकार. काही दिवसांनी डोळे पुन्हा स्वच्छ होतात, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत साप खरबरीत दगडावर किंवा लाकडावर ओठ घासून कात सोडवायला सुरुवात करतो. पायमोजा उलटा करून काढावा तशी ती डोक्याकडून शेपटीकडे उलटत निघते. नीट निघालेली कात सापापेक्षा लांब भरते. याचे कारण असे की खवल्यांच्या मधली त्वचा अंगावर असताना घडी घातलेली असते. ती कातीत उलगडते.

हे झाले कोणत्याही कातीविषयी. पहिल्या कातीचे महत्त्व मात्र वेगळे आहे. अंड्यातले पिलू द्रवात वाढते. तेथे अंगातले पाणी हवेत उडून जाण्याचा प्रश्नच नसतो. कवच फोडून ते बाहेर येते ते एकदम कोरड्या जगात. हार्वे लिलीव्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया किंग स्नेक या सापाच्या नवजात पिलांचा अभ्यास करून २००२ साली असे दाखवले, की पहिल्या कातीनंतर पिलाच्या त्वचेचा पाणी बाहेर जाऊ न देण्याचा रोध सुमारे दुप्पट होतो. त्वचेत पाणी अडवणारा स्निग्ध द्रव्यांचा एक थर असतो. तोही पहिल्या कातीनंतर जवळजवळ दुप्पट जाड झालेला आढळला. म्हणजे पहिल्या कातीपूर्वी पिलाच्या अंगावर असतो तो जणू पाण्यातला पोशाख. हवेत राहण्याचा पोशाख पहिल्या कातीनंतरच पुरा होतो.

‘रोध’ हा शब्द ऐकताच तुम्हाला ओहमचा नियम आठवला पाहिजे. विभवांतर भागिले रोध, म्हणजे विद्युत्‌धारा. येथेही तसेच. त्वचेलगतचे बाष्प आणि बाहेरच्या हवेतले बाष्प यांतला फरक म्हणजे ‘विभवांतर’, त्वचेचा अडथळा हा ‘रोध’, आणि अंगातून निसटणारे पाणी ही ‘धारा’. त्वचेचे आणि हवेचे तपमान सारखे आहे, हवा हलत नाही, आणि त्वचेच्या आत बाष्प संपृक्त, म्हणजे १०० टक्के आहे, असे धरा. बाहेरची सापेक्ष आर्द्रता ४० टक्के असेल तर फरक ६० चा. ती ८० टक्के केली तर फरक २० चा. आर्द्रता दुप्पट केली, पण पाण्याची गळती निम्मी नव्हे, एकतृतीयांश झाली! पुढे पहा. पहिल्या कातीपूर्वीचा रोध १ माना, नंतरचा २. कातीपूर्वी ८० टक्के आर्द्रतेत गळती २० भागिले १, म्हणजे २०. कातीनंतर ६० टक्के आर्द्रतेत ४० भागिले २, म्हणजे पुन्हा २०. पिलाला पहिल्या कातीपर्यंत ओलसर कागदावर आणि ओल्या शेवाळाजवळ ठेवावे व नंतर ओल कमी केली तरी चालते, असे पाळणारे लोक अनुभवाने सांगतात. त्या अनुभवामागचा हिशेब हा असा आहे.

यात पिलाच्या आकाराची भर घाला. पूर्ण वाढलेला कॉर्न स्नेक १२५ सेंमी लांब आणि पिलू २५ सेंमी, म्हणजे पाचास एक हे प्रमाण. दोघांची ठेवण सारखी धरली तर पृष्ठभाग पंचवीसपट आणि घनफळ एकशे पंचवीसपट. याचा अर्थ, दर ग्रॅम वजनामागे पिलाचा पृष्ठभाग मोठ्या सापाच्या पाचपट भरतो. पाणी उडते ते पृष्ठभागावरून, आणि साठा असतो घनफळात. मोठ्या सापाला जी कोरडी हवा नुसती त्रासाची, ती पिलाला जिवावरची ठरू शकते, हे यावरून ध्यानात येईल. लहान खेळण्याची रिकामी पेटी आणि मोठी पेटी घेऊन हे गणित तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता.

आता नवशिके पाळणारे हमखास काय करतात ते पहा. पिलू गारठेल म्हणून ते पेटीवर दिवा लावतात. हेतू चांगला, पण दिवा हवा तापवतो, हवेत पाणी घालत नाही. २० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे १७.३ ग्रॅम बाष्प मावते. ३० अंशांच्या हवेत ३०.४ ग्रॅम. खोलीत २० अंश तपमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर प्रत्यक्ष बाष्प सुमारे १०.४ ग्रॅम. ही हवा तापवून ३० अंशांवर नेली की बाष्प तेवढेच राहते, पण आर्द्रता उतरते ३४ टक्क्यांवर. संपृक्त होण्यास आधी ६.९ ग्रॅम कमी होते, आता २० ग्रॅम कमी पडतात. हवेची तहान जवळजवळ तिप्पट झाली, आणि ती तहान भागवायला त्या पेटीत एक लहानसे पिलू आहे. ऊब दिली याचा पाळणाऱ्याला आनंद, आणि पिलाचे मात्र पाणी चाललेले. थंड देशांत हिवाळ्यात घरे तापवलेली असतात, तेव्हा कात अडकण्याच्या तक्रारी का वाढाव्यात, हे आता तुम्हीच सांगू शकाल.

मग उपाय काय? सगळी पेटी चिंब करून ठेवावी काय? तेही नव्हे. कोंदट, सतत ओल्या जागेत बुरशी धरते, सापाच्या त्वचेवर फोड येतात, श्वसनाचे विकार होतात. खरा उपाय म्हणजे पेटीत एकच हवामान न ठेवता उतार ठेवणे. एक टोक उबदार, २९-३० अंशांचे. दुसरे थंड, २२ ते २४ अंशांचे. लपायला दोन्हीकडे आडोसा. एका डबीत ओले करून पिळलेले शेवाळ, डबीला आत शिरण्यापुरते भोक. पाण्याची उथळ वाटी. अंग घासायला खरबरीत लाकडाचा तुकडा. झाकणाला हवेसाठी छिद्रे. आणि मुख्य म्हणजे दोन्ही टोकांना तपमापक आणि एक आर्द्रतामापक. एवढे केले की आपले काम संपले. ओल केव्हा हवी आणि ऊब केव्हा, हे पिलाने ठरवायचे. ते आपल्याहून ते अधिक चांगले जाणते.

येथे कोणी आक्षेप घेईल : ‘रानात आर्द्रता मोजायला कोण जातो? तेथेही पिले जगतातच की!’ आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे. रानातले पिलू उन्हाने तापले तर दगडाखाली जाते, कोरडे पडले तर पालापाचोळ्याच्या ओलीत शिरते, बिळात उतरते. दहा हातांच्या अंतरात त्याला दहा प्रकारची हवा मिळते. पेटीत घालून आपण त्याची ही निवड काढून घेतो. ज्याने निवड काढून घेतली, त्याच्यावरच ती परत पुरवण्याची जबाबदारी येते. मोजमाप हा छंदिष्टांचा शौक नव्हे. कोंडलेल्या जिवाचे ते आपण देणे लागतो. रानात बरीच पिले मरतात, हेही खरे. पण तेथे ती शत्रूच्या भक्ष्यस्थानी पडून किंवा दुष्काळाने मरतात. आपल्या आळसाने मरत नाहीत.

दुसरा आक्षेप अधिक प्रेमळ आहे. कात अर्धवट लोंबत असलेली दिसली की पाहणाऱ्याला राहवत नाही. ‘थोडे ओढून दिले तर त्याचे श्रम वाचतील’ असे वाटते. माझे सांगणे असे, की नेमका हाच मोह आवरला पाहिजे. जुना थर जेथे सुटला नाही तेथे तो ओढणे म्हणजे खालच्या कोवळ्या थराला इजा करणे. डोळ्यावरची काच चिमट्याने काढू पाहणारा तर खालची नवी काच आणि प्रसंगी डोळाच गमावून बसतो. कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली, तर हवा कोरडी पडली असावी असा पहिला संशय घ्यावा. पिलाला झाकण लावलेल्या, छिद्रे असलेल्या डब्यात कोमट पाण्याने ओल्या केलेल्या फडक्याबरोबर काही वेळ ठेवले, तर पुष्कळदा ते त्या फडक्यातून सरपटताना स्वतःच उरलेली कात सोडवते. शेपटीच्या टोकाशी कातीचे कडे अडकून राहिले तर रक्तपुरवठा तुटून टोक वाळते. म्हणून कात पडल्यावर तिच्यात दोन्ही डोळ्यांच्या काचा आणि शेपटीचे टोक आहे ना, एवढे पाहावे. नसेल आणि ओल देऊनही निघत नसेल, तर पशुवैद्य गाठावा. डोळे दुधाळ असताना तर पिलाला मुळीच हाताळू नये. त्याला धड दिसत नसते, ते घाबरलेले असते, आणि त्या वेळी त्याला हवा असतो फक्त आडोसा.

हे सारे वाचून तुमच्यापैकी कोणाला साप पाळण्याची हौस वाटू लागली असेल, तर त्याबद्दलही माझे मत स्पष्ट आहे. आपल्या रानातले साप धरणे आणि घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मना आहे, आणि ते योग्यच आहे. बॉल पायथनसारख्या ज्या विदेशी जाती वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत, त्या बाळगणाऱ्याने नोंदणी करणे २०२२ च्या दुरुस्तीने आवश्यक केले आहे. कायदा बाजूला ठेवला तरी एक हिशेब उरतोच. बंदिवासातला कॉर्न स्नेक पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. आज नववीत असलेल्या मुलाने पिलू आणले, तर त्याची जबाबदारी संपेपर्यंत तो तिशीच्या घरात आलेला असेल. चित्रफितीत दोन मिनिटे दिसणारे गोजिरवाणे पिलू हा हिशेब सांगत नाही.

आपल्याकडे या ज्ञानाचा उपयोग दुसरीकडे आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी पाया खणताना, उकिरडा उपसताना, दगडांचा ढीग हलवताना कधी सापाची अंडी निघतात, कधी नुकती फुटलेली पिले. मुले कुतूहलाने ती बरणीत भरतात, आणि बरणी उन्हात किंवा चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवली जाते. आता त्या बरणीतल्या हवेचे काय होत असेल, हे तुम्हाला सांगायला नको. शिवाय नागाचे पिलू अंड्यातून बाहेर पडते तेच विष घेऊन. घोणस तर अंडी न घालता पिलेच देते आणि तीही जन्मतः विषारी असतात. ‘एवढेसे तर आहे’ या समजुतीला येथे जागा नाही. म्हणून अंडी किंवा पिले दिसली तर दूर उभे राहावे, मोठ्यांना सांगावे, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. अंडी उचलून उलटी-सुलटी तर कधीच करू नयेत. कोंबडी आपली अंडी फिरवते, सापाची अंडी जशी पडली तशीच राहावी लागतात. फिरवल्याने आतल्या जिवाला धोका पोचू शकतो. पावसाळ्यात बाहेरची हवा बहुधा ओलसरच असते. पिलाला जागच्या जागी राहू दिले, तर पहिल्या कातीची सोय निसर्गाने आधीच केलेली असते.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. सापेक्ष आर्द्रतेचा धडा आपण व्याख्या आणि सूत्र सांगून संपवतो. फार तर कपडे वाळण्याचे उदाहरण देतो. मुलांना दोन तपमापक द्या, एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळा, आणि वर्गात, झाडाखाली, पत्र्याच्या छपराखाली, विहिरीच्या काठावर दोन्ही तपमानांतला फरक टिपायला लावा. मग विचारा : यांपैकी कोणत्या जागी सापाचे पिलू पहिली कात सुखाने टाकील? उत्तर शोधताना मुले कोष्टके काढतील, गुणाकार-भागाकार करतील, आणि न कळत एका न आवडणाऱ्या प्राण्याच्या गरजेचा विचार करतील. कुंपणाशी पडलेली कात दिसली तर ती जागच्या जागी, काठीच्या अंतरावरून पाहू द्या. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक काचा दिसतात का, पोटाचे रुंद खवले आणि पाठीचे बारीक खवले वेगळे ओळखू येतात का, हे विचारा. साप जवळपास असू शकतो, म्हणून बिळात किंवा लाकडांच्या ढिगात हात मात्र कोणी घालू नये.

मित्रहो, एखाद्या प्राण्यावर प्रेम करायचे तर त्याला हातात घेतलेच पाहिजे, असे आपल्याला वाटते. कुत्र्या-मांजरांच्या बाबतीत ते बरेचसे खरे असेलही. सापाच्या पिलाला मात्र आपल्या स्पर्शाचे अप्रूप नाही. त्याला हवी असते योग्य तपमानाची, योग्य ओलीची हवा, एक अंधारा आडोसा आणि काही दिवसांची शांतता. नवा थर तयार झाला की जुना आपण होऊन सुटतो. तोवर आकडे टिपत वाट पाहणे, हेच तेथे प्रेमाचे काम. पुढच्या निबंधात ‘कात टाकणे’ लिहाल, तेव्हा टाकण्याआधीच्या या तयारीचीही आठवण ठेवा.